नव्वद, एक रुसला

प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोजच्या वापरातलं गणित कितपत येतं, हे बघायला दर वर्षी आमच्यातल्या काही शिक्षकांना दुसऱ्या शाळांवर पाठवतात. आपली मुलं आपणच तपासली की हात सैल सुटतो, म्हणून ही अदलाबदल. मी भिवंडी शहरातल्या शाळेत शिकवते. त्या वर्षी मला काल्हेरच्या बाजूची एक शाळा मिळाली. हमरस्त्याला लागून गोदामं, गोदामांच्या पाठीमागे गाव आणि गावाच्या टोकाला शाळेच्या चार खोल्या. ट्रेलर मागे घेताना वाजतो तो पीं-पीं आवाज दिवसभर वर्गात यायचा. मुलांना त्याचं काही नव्हतं.

चाचणी कागदावरची नव्हती. माझ्याजवळ एक कापडी पिशवी होती. तिच्यात शिंप्याचा टेप, एक किलोचं वजन, अर्ध्या लिटरचं माप, काटे फिरवता येणारं पुठ्ठ्याचं घड्याळ आणि एक कॅलेंडर. एकेका मुलाला जवळ बोलवायचं, वस्तू हातात द्यायची आणि विचारायचं. या बाटलीत किती मापं पाणी मावेल? शाळा सुटायला अजून किती वेळ आहे? पुढच्या रविवारी कोणती तारीख? मूल बोलेल ते ऐकायचं आणि मोबाइलवर खूण करायची: बरोबर, चूक, नाहीतर मदतीने बरोबर.

मला हे काम आवडतं. वर्गात तोंड न उघडणारी मुलं हातात वस्तू आली की बोलायला लागतात. एका मुलाने किलोचं वजन हातात तोलून बघितलं आणि म्हणाला, "आमची मांजर याच्याहून जड हाय." मी बरोबरची खूण केली.

मग तिसरीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, त्यातल्या एकीची रिबीन सुटलेली आणि ती तिने दातांत धरलेली. मी तिला टेप दिला आणि समोरच्या बाकाची लांबी मोजायला सांगितली. तिने टेपचं टोक कडेला अंगठ्याने दाबलं, दुसऱ्या कडेपर्यंत ताणलं आणि एकोणनव्वदच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"किती भरला?" मी विचारलं.

रिबीन तोंडातून काढून ती म्हणाली, "नव्वद. एक रुसला."

माझं बोट मोबाइलवर होतं, ते तिथेच राहिलं.

"काय म्हणालीस?"

तिला वाटलं चुकलं. तिने वाकून पुन्हा आकडा पाहिला. "नव्वदच हाय, बाई. पण एक रुसलाय."

"आणि असे दोन बाक एकापुढे एक लावले तर?"

हा प्रश्न चाचणीत नव्हता. मला फक्त ती पुढे काय बोलते ते ऐकायचं होतं. ती छताकडे बघत पुटपुटली, "नव्वद नि नव्वद एकशेऐंशी. दोन रुसले." मग दोन बोटं दुमडून म्हणाली, "एकशे अठ्ठ्याहत्तर."

उत्तर बरोबर होतं. पण मी ते ऐकतच नव्हते. तीसेक वर्षांत हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. जगात एकच माणूस असा हिशेब करायचं, आणि ते बाराव्या वर्षी गेलं होतं.

माझी मोठी बहीण. मी तिला ताई म्हणायचे. आमचे वडील कचेरीत कारकून होते. संध्याकाळी चहा झाला की ते आम्हा दोघींना उजळणी म्हणायला बसवत. ताई हुशार होती, पण एकोणतीस, एकोणचाळीस आले की तिची गाडी अडायची. एकोणसाठ विचारलं की ती एकोणसत्तर म्हणायची. एकदा रडकुंडीला येऊन तिने विचारलं, "एकोण म्हणजे कोण?"

वडील हसले. "कोण नाही गं. एक ऊन. म्हणजे एक कमी. साठाला एक कमी."

"तो एक कुठे गेला?"

"गेला असेल रुसून," वडील म्हणाले.

ते सहज बोलून गेले, पण ताईने ते धरून ठेवलं. त्या दिवसापासून एकोणसाठ म्हणजे "साठ, एक रुसला". अडतीस म्हणजे "चाळीस, दोन रुसले". बेरजेत सगळे रुसलेले एका कोपऱ्यात बसवायचे आणि शेवटी त्यांचा विचार करायचा. मला पण तिने शिकवायचा प्रयत्न केला होता. मला जमलं नाही. मला ते रुसलेले आकडे डोळ्यांसमोर दिसायचे आणि वाईट वाटायचं. ताई म्हणायची, "अगं, समजूत काढली की येतात परत."

तिला सांधेतापाने धरलं आणि त्यात हृदयाची झडप गेली. कशेळीचा पूल ओलांडून तिला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. लहान मुलांच्या वॉर्डात भेटायला लहान मुलांना सोडत नसत, म्हणून मी शेजारच्या काकूंकडे. मी नऊ वर्षांची होते. आई दवाखान्यातच असायची, वडील कचेरी आणि दवाखाना करायचे. किती आठवडे गेले ते मला आता सांगता येणार नाही. एके दिवशी सकाळी वडील काकूंच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई देवाघरी गेली."

नंतर आमच्या घरात तिच्याविषयी बोलणं झालं नाही. बोलायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी बोललं नाही, एवढंच. संध्याकाळची उजळणी बंद झाली. वडील वारले तेव्हासुद्धा आई तिच्याविषयी अक्षर बोलली नाही. दवाखान्यातले ते दिवस माझ्यासाठी बंद खोलीसारखे राहिले. तिला भीती वाटत होती का? तिने मला बोलावलं होतं का? विचारावंसं वाटायचं आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं की शब्द गिळले जायचे.

आणि आता ही कोण कुठली मुलगी माझ्यासमोर उभी राहून ताईच्या तोंडचं बोलत होती.

"तुला असं मोजायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"आईनं."

"आणि आईला?"

तिने खांदे उडवले. तिची रिबीन पुन्हा दातांत गेली होती. मी तिला जागेवर जायला सांगितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्या दिवशी उरलेल्या मुलांनी काय उत्तरं दिली, मला आठवत नाही. खुणा मात्र सगळ्या केलेल्या होत्या.

शाळेचे सर गावातलेच होते. जाताना मी त्यांना त्या मुलीविषयी विचारलं. ते म्हणाले, "पोरगी चलाख हाय, पण ते एकोणचं जमत न्हाय तिला. मी सांगून दमलो. आई गोदामात पॅकिंगला जाते. शनिवारी दुपारची शिफ्ट असते तिची, तेव्हा पोरीला न्यायला येते ती. जरा लंगडते, लगेच कळंल."

शनिवारपर्यंतचे दिवस वाईट गेले. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत अजून यंत्रमाग चालतात. तो खडखडाट जन्मापासून कानात आहे, एरवी ऐकूसुद्धा येत नाही. त्या दिवसांत तो ऐकू यायला लागला, आणि त्यातून आकडे ऐकू यायला लागले. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना मी मधेच थांबायचे. वर्गात मी "एकोणपन्नास" म्हटलं की माझ्या मागून कुणीतरी ते दुसऱ्या तऱ्हेने म्हणतंय असं वाटायचं. मागे भिंत असायची. मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

शनिवारी मी चाचणी थोडी राहिली आहे अशी सबब सांगून पुन्हा त्या शाळेत गेले. शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी एक बाई उभी होती. पस्तिशीच्या पुढची, पंजाबी ड्रेसवर गोदामाचं निळं जॅकेट घातलेली. मुलगी धावत तिच्याकडे गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. बाई डावा पाय किंचित ओढत माझ्याकडे आली.

"काय चुकली का हो मॅडम, पोरगी?"

"नाही, चुकली नाही. मला एवढंच विचारायचं होतं, ते एक रुसला, दोन रुसले तुम्ही तिला शिकवलंत ना?"

ती लाजली. "हो, शिकवलं. सर ओरडतात त्यावरनं. पण काय करू, मला तसंच येतं."

"तुम्ही कुठे शिकलात?"

"दवाखान्यात," ती म्हणाली आणि हसली. "आमी खारबावचे. मी आठ वर्षांची आसंन, चिंचेवरनं पडले नि मांडीचं हाड मोडलं. ठान्याला नेलं. पायाला दोरी, दोरीला इटा बांधलेल्या, नि पाय असा वर. हलायचं न्हाय. दिसभर रडायची मी. बाजूच्या खाटेवर एक ताई व्हती, माझ्याहून मोठी. तिनं शिकवलं. माझ्या पायाच्या इटा मोजायच्या, छताचे पत्रे मोजायचे, मंग त्यांची बेरीज. शाळा तर माझी पाचवीनंतर सुटली. पण तिनं शिकवलेलं ऱ्हायलं."

मी शाळेच्या ओट्यावर बसले.

"ती माझी बहीण," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात तोंडावर नेला. "ताई? आमची ताई? भिवंडीची?"

"हो."

"काय सांगता!" ती माझ्यासमोर उकिडवी बसली. दुखऱ्या पायाने तिला तसं बसणं जड गेलं, पण ती बसली आणि तिने माझा हात धरला. "कशी हाय ताई?"

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सगळा आठवडा मी तिच्या तोंडून काय ऐकायला मिळेल याचा विचार केला होता. ती मला काही विचारेल, असं वाटलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. शेजारी तिची मुलगी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आहे," मी म्हणाले. "बरी आहे."

"मास्तरीण झाली आसंल ना? मी म्हनायची, ही मास्तरीण व्हनार."

"हो. शिक्षिका आहे."

"हितंच?"

"नाही. पुण्याकडे असते."

ती मान हलवत राहिली, जणू हे सगळं तिच्या अंदाजाप्रमाणेच झालं होतं. मग शिफ्टची वेळ झाली म्हणून उठली. मुलीचं दप्तर खांद्याला लावताना म्हणाली, "ताईला इचारा, माझ्यावर आजून रुसलीय का." ती हसत म्हणाली, पण म्हटल्यावर हसू तिच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. तिने माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला, आणि ती मुलीचा हात धरून गोदामांच्या दिशेने गेली.

त्या बाईच्या मनात ताई तीस वर्षं जिवंत होती. वाढली होती, शिकली होती. मला वाटलं, मी एक वाक्य बोलले की ती दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी माझ्यासमोर.

पण झालं भलतंच. ताई जिवंत झाली ती माझ्याकडे आली. रिक्षात बसले तेव्हापासूनच. पुण्याकडची शिक्षिका, चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. ती कोणत्या रंगाची साडी नेसते ते मला दिसायला लागलं. शाळेतून आल्यावर ती पायांना तेल चोळत बसते. तिचे केस माझ्याआधी पिकले आहेत. सुट्टीत ती येईल, असं एकदा माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराने मी इतकी घाबरले की हातातलं पातेलं खाली ठेवून बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिले. मेलेल्या ताईची मला कधी भीती वाटली नव्हती. ही जी मोठी होऊन बसली होती, तिची वाटायला लागली.

शुक्रवारी माग बंद असतात. दुपारी गल्ली एकदम गप्प होते. त्या शुक्रवारी मला सुट्टी होती. आई ओट्याशी पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी तिच्यासमोर बसले, चार वाल सोलले आणि म्हणाले, "आई, ताईच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती?"

आईचा हात थांबला नाही. दोन बोटांत वाल दाबला, साल सुटलं, डाळिंबी पातेल्यात पडली. आणखी एक. मग ती म्हणाली, "पाय जुळला का तिचा?"

मी सगळं सांगितलं. बाक, टेप, ती मुलगी, फाटकापाशी भेटलेली तिची आई. आई ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं तिला."

"काय?"

"सकाळी मी खाटेवरचं सामान गोळा करत होते. तांब्या, टॉवेल. त्या पोरीला जाग आली. म्हणाली, काकी, ताई कुठं गेली? पाय बांधलेलं एवढंसं पोर. काय सांगणार? म्हटलं, घरी गेली, बाळा."

मला त्याच सकाळी देवाघरी सांगितलं होतं, तिला घरी. एवढाच फरक. तेवढ्या फरकावर एक माणूस तीस वर्षं दुसरीकडे जगत राहिलं.

"तू तिला काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"बरी आहे म्हटलं."

मला वाटलं आई चिडेल. ती खाली बघत होती. "काय करते म्हणालीस?"

"शिक्षिका आहे."

"कुठे?"

"पुण्याकडे."

आईने सालं सुपात ओढली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "लग्न झालंय?"

"ते तिने नाही विचारलं, आई."

आईने पदराने चेहरा पुसला, जणू उकडत होतं. संध्याकाळी वालाचं बिरडं झालं, सगळे जेवले, नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघताना ती दारात येऊन म्हणाली, "रविवारी मला त्या बाईकडे घेऊन चल. घरी गेली असं मी म्हटलं होतं. खरंही मीच सांगायला हवं."

मी त्या बाईला फोन करून आई भेटायला येते आहे एवढंच सांगितलं. काल्हेरच्या त्या गावात गोदामांच्या मागे त्यांचं जुनं कौलारू घर होतं. बाजूला नवी चार मजली इमारत उभी राहिली होती आणि तिच्या सावलीत हे घर बसलं होतं. बाई दारातच उभी होती. आईला बघताच ती वाकली, पाया पडली. आईने तिला खांद्यांना धरून उठवलं आणि पहिलं काय केलं असेल, तर तिच्या मांडीवरून हात फिरवला, ड्रेसवरूनच, हाड जिथे मोडलं होतं तिथे.

"दुखतं का गं?"

"थंडीत दुखतं, काकी. लई उभी ऱ्हायले तर दुखतं."

तिने आम्हाला आत पलंगावर बसवलं. मुलगी बाहेर मैत्रिणींबरोबर खेळत होती, त्या सगळ्या हिंदीतून भांडत होत्या. बाईने चहा ठेवला आणि आमच्यासमोर जमिनीवर बसली. "ताई न्हाय आली?"

आई म्हणाली, "बाळा, मी तुला तेव्हा खोटं सांगितलं. ताई घरी नव्हती गेली. त्या दिवशी पहाटे ती गेली."

बाई आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग येईल म्हणून मी वाट बघत होते. आला असता तर मी तो घेतला असता.

"पहाटे," ती म्हणाली.

"हो. झोपेतच. तू झोपली होतीस."

"म्हंजे ती घरी न्हाय गेली?"

"नाही."

"म्हंजे रुसून न्हाय गेली?"

आईला कळलं नाही. मला पण नाही. चहा उतू गेला, स्टोव्हवर चरचरला, आणि कुणी उठलं नाही. मग तिने सांगितलं. आदल्या संध्याकाळी दोघींची भांडणं झाली होती. छताचे पत्रे मोजण्याचा खेळ होता, हिने मोजायचं सोडून अंदाजाने आकडा सांगितला. ताईने पकडलं. ही म्हणाली, तू पण तसंच करतेस. ताई चिडली, तोंड फिरवून भिंतीकडे वळली, आणि हिने किती हाका मारल्या तरी वळली नाही. सकाळी उठून पाहते तर खाट मोकळी.

"मला वाटलं, माझ्यावर रुसली नि न सांगता गेली," ती म्हणाली. "लई दिवस वाट बघितली मी. म्हटलं, भेटायला येईल. मंग वाटलं, न्हाय येनार. मोठी झाले तसं वाटायचं, एवढं कुनी रुसतं का? पन कुनाला इचारनार?"

आणि मग ती रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तशी. आमच्या घरात ताईसाठी असं कुणी रडलं नव्हतं. वडील नाही, आई नाही, मी नाही. आई पलंगावरून खाली उतरली. सत्तरीची बाई, गुडघे धरून उतरली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "अगं, ती थकली होती. तिला कूस बदलवत नव्हती. कुणावर घटकाभरसुद्धा रुसायची नाही ती." हे म्हणता म्हणता आईचा आवाज गेला. मी माझ्या आईला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, एका परक्या घरात, काल्हेरला.

मी उठून स्टोव्ह बंद केला.

मुलगी रडणं ऐकून धावत आत आली आणि दारातच थबकली. बाईने डोळे पुसले, तिला जवळ घेतलं. "ही आजी हाय. ताईची आई." मुलीने आईकडे पाहिलं. ताई कोण, हे तिला आता ठाऊक झालं असावं, कारण ती लगेच जवळ येऊन बसली.

आईने तिचा हात हातात घेतला. "मला एक सांग. सत्तराच्या आधी काय येतं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ही चाचणी आहे का, असा तिचा चेहरा. मी मान हलवली.

"सत्तर, एक रुसला."

"पुन्हा म्हण."

"सत्तर, एक रुसला."

आईने डोळे मिटून घेतले. बाहेरच्या पोरी हिला हाका मारत होत्या. ती आईचा हात सोडवून पळाली.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाईने पिशवीत वाळवलेली करंदी बांधून दिली. आई मासळीला हात लावत नाही, पण तिने ती पिशवी मांडीवर ठेवून घेतली. रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती, रिक्षा हलत नव्हती. आई म्हणाली, "त्या वॉर्डाच्या खिडकीतून पिंपळ दिसायचा. ती म्हणायची, याची पानं मोजता येतील का?" रिक्षा रेंगाळत होती आणि आई बोलत होती. ताई काय खायची, कोणत्या नर्सला घाबरायची. मला आत सोडत नाहीत म्हणून एकदा ती कशी वॉर्डबॉयशी भांडली होती. "धाकटीला खिडकीखाली तरी उभी करा, म्हणायची. मी वरून बघीन." मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आई ताईविषयी बोलते. रोज नाही, पण बोलते. ती आणि ती बाई फोनवरही बोलतात. पायाविषयी, थंडीविषयी, गोदामाविषयी. पण एक गोष्ट आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही. त्या हिवाळ्यात एकदा सकाळी आई शाल गुंडाळून बसली होती आणि मला म्हणाली, "पुण्याला जास्त असेल ना गं थंडी?" तिचं डोकं शाबूत आहे. तिला सगळं ठाऊक आहे. मी "हो, असेल," म्हटलं आणि डबा भरायला घेतला. तिने परत तसं विचारलं नाही. मी मात्र अजून, कुणी पुण्याहून येणार असलं की आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते.

पुढच्या वर्षी मला पुन्हा तीच शाळा मिळाली. मुलगी चौथीत गेली होती, वेण्या जाऊन बॉबकट आला होता. मी तिला कॅलेंडर दिलं आणि तारीख वाचायला सांगितली. ती क्षणभर थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग स्वच्छ, सरांना आवडेल असं ती म्हणाली, "एकोणतीस."

मी बरोबरची खूण केली. फाटकापाशी तिची आई उभी होती. मी तिच्याशी बोलायला गेले, पण तिच्या शिफ्टची वेळ झाली होती आणि पाय दुखत असूनही ती घाईने चालत होती.